बदाम विझला, पाटी राहिली

'आय लव्ह अमुकतमुक' ही चौकाचौकातली अक्षरं म्हणजे सेल्फीची सोय आणि पैशाची नासाडी, असं एका लेखात वाचलं. अर्धं पटलं. आमच्याकडच्या अक्षरांतला लाल बदाम दोन पावसाळ्यांत विझला, आता त्याच्या मागे पाणीपुरीवाला सिलिंडर ठेवतो. तरी लोक बाहेरून आलेल्याला पत्ता सांगतात तो 'बदामापाशी उतरा' असाच!

हॉलिवूडच्या टेकडीवरची पाटी तरी कुठे खानदानी? १९२३ साली लागली तेव्हा ती 'हॉलिवूडलँड' होती, म्हणजे चक्क प्लॉट विकायची जाहिरात. त्यातलं 'लँड' १९४९ मध्ये गेलं. पुढे उरलेली अक्षरं मोडकळीला आली, तेव्हा देणग्या गोळा करून १९७८ मध्ये ४५ फुटी नवी उभी केली. जाहिरातीसाठी कोण वर्गणी देतं हो? तोवर ती गावाची झाली होती.

उलट अ‍ॅमस्टरडॅमने राइक्सम्युझियम या संग्रहालयासमोरची आपली प्रसिद्ध 'आय अ‍ॅमस्टरडॅम' अक्षरं डिसेंबर २०१८ मध्ये हलवली. गर्दी फार व्हायला लागली होती. ठीकच केलं.

आपल्याकडे मात्र अशी पाटी आधीपासून आहे, रेल्वे स्टेशनातली पिवळी. काळ्या अक्षरांत गावाचं नाव, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. मे महिन्यात आजोळी जाताना खिडकीतून ती दिसली, की आई बाकाखालच्या पिशव्या ओढायला लागायची आणि आम्ही चपला शोधायला.