कॅप्स लॉक डोळा मारतो तेव्हा

विंडोजशेजारी उबुंटू (लिनक्सचा एक अवतार) टाकलं, रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळी ठिक्कर. अशा वेळी चारही दिशांनी सल्ला एकच येतो: 'फॉरमॅट मार आणि परत टाक.' माझ्या मते हा उपाय नव्हे, सूड आहे. बरं, सूड घेऊनही नवं उबुंटू नेमकं जुन्याच जागी मान टाकतं. कारण दोष बहुतेकदा ग्राफिक्स कार्डात, फर्मवेअरच्या (मदरबोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंगात नाहीतर शेजारच्या विंडोजमध्ये दडलेला असतो. तेव्हा मुडदा कुठवर चालत आला होता, म्हणजे सुरू होताना संगणक कुठे अडला, ते आधी बघायचं.

ग्रबचा, म्हणजे विंडोज की उबुंटू ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनूच दिसत नसेल तर कंपनीचा लोगो जाताच एस्केप दाबायचं. एकदाच! लिफ्टच्या बटणासारखं दणादण दाबलंत, तर मेनू मागे टाकून 'ग्रब>' नावाच्या ओसाड ओळीवर येऊन पडता. तिथं 'नॉर्मल' लिहून एंटर मारायचं (अर्थात इंग्रजी अक्षरांत) आणि लगेच एस्केप. पुन्हा एकदाच.

मेनू दिसतो, पण उबुंटू निवडल्यावर अंधार होतो? नवं एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड असेल तर पहिला संशय त्याच्यावर. मेनूत उबुंटूच्या ओळीवर थांबून 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा. तिच्या शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश' असं असतं. आत आग लागली तरी बाहेर लोगो फिरवत ठेवणं, हे या जोडीचं काम. दोघांना हाकला, त्या जागी 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. आता कर्नल (लिनक्सचा गाभा) ग्राफिक्सच्या भानगडीत पडत नाही. चित्र जाडंभरडं दिसतं, पण दिसतं. हा बदल तेवढ्या एका खेपेपुरताच टिकतो. म्हणून आत शिरल्या शिरल्या योग्य ड्रायव्हर टाकून घ्यायचा. जाडंभरडं चित्र बघून 'चालतंय की' म्हणणारे लोक मी समजू शकत नाही.

कॅप्स लॉकचा दिवा आपला आपण उघडझाप करू लागला, तर तो कर्नल पॅनिक, म्हणजे गाभ्यानेच हात टेकले. स्क्रीनवर 'अनेबल टू माउंट रूट एफएस' असेल तर घाबरण्याआधी आठवा, नुकतंच अपडेट केलं होतं का? वेगळं बूट पार्टिशन (सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा कप्पा) भरलेलं असलं की नवं कर्नल येतं, पण त्याला सुरू होताना लागणारी इनिट्रॅमएफएस फाइल अर्धवट राहते. ग्रबमधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुनं कर्नल निवडा, आत जाऊन नको असलेली कर्नलं काढा आणि 'अपडेट-इनिट्रॅमएफएस' चालवा.

विंडोजचा छुपा खोडसाळपणा म्हणजे फास्ट स्टार्टअप. शट डाउन म्हटलं तरी ते पुरतं बंद होत नाही; कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून अर्धवट डुलकी काढतं आणि पार्टिशन उघडंच टाकतं. ते पार्टिशन एफस्टॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या कप्प्यांच्या यादीत) असलं, तर लिनक्स ते जोडायला नकार देऊ शकतं आणि थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. पार्टिशनची यूयूआयडीच (त्याची ओळखखूण) बदललेली असेल, तर आधी दीड मिनिट मोजत बसतं आणि मग तेच करतं. फास्ट स्टार्टअप बंद करा आणि एफस्टॅबच्या त्या ओळीत 'नोफेल' लिहा, म्हणजे डेटाच्या एका कप्प्यापायी अख्खं घर अडत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये तर विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने कित्येक लिनक्सवाल्यांना दारातच अडवलं. 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असा संदेश यायचा. संगणक इतकं खरं क्वचितच बोलतो. फर्मवेअरमधलं सिक्युअर बूट (खात्रीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारा पहारा) बंद करायचं, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'सुडो मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' द्यायचं, पुन्हा लिनक्समध्येच बूट व्हायचं आणि मग सिक्युअर बूट परत चालू करायचं.

मात्र सिक्युअर बूटला हात लावला की बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) जागा होऊन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधीच कागदावर उतरवून घ्या. बहुतेकांकडे ती असते: त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर, 'महत्त्वाचं' नावाच्या फोल्डरमध्ये.