'सरळ फॉरमॅट मारा': एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक महोदय,

अँटिव्हायरसच्या रेस्क्यू डिस्कचा बूटेबल पेनड्राइव्ह (म्हणजे विंडोज सुरू न करता ज्याच्यावरून कॉम्प्युटर चालू करून व्हायरस साफ करता येतो तो) कसा बनवायचा, या माझ्या लेखाखाली तुम्ही परवा जे लिहिलंत ते इतरांच्या माहितीसाठी आधी उतरवून घेतो: "काय जुनाट लेख! असली बालवाडी हल्ली कोणाला लागते? डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन आहे, तो चालवा. नाही जमलं तर सरळ फॉरमॅट मारा, अर्ध्या तासाचं काम. सिक्युअर बूट बंद करा म्हणता, मग बिटलॉकरचं काय? आणि रूफसची चित्रं तरी नवी टाका."

रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रामची चित्रं जुन्या आवृत्तीची आहेत, मान्य. या आठवड्यात बदलतो. दाखवून दिलंत, त्याबद्दल आभार.

पण 'बालवाडी' कोणाला म्हणालात? मी तालुक्याच्या गावातल्या लोकांसाठी लिहितो. डीटीपीवाले, झेरॉक्सवाले, दुकानाचा हिशेब स्वतः टॅलीत घालणारे. त्यांना बूट मेनूची (कॉम्प्युटर कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीची) कळ सांगावी लागते आणि ती सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही. डेल-लेनोव्होला एफ१२, एचपीला एस्केप दाबून एफ९, हे तुम्हाला पाठ असेल. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपांवर एफ१२ चा मेनू बंदच असतो. आधी एफ२ ने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन तो चालू करावा लागतो. हे कोणी सांगितलेलं नसलं की माणूस तासभर एफ१२ बडवत बसतो, पेनड्राइव्ह बिघडलाय असं समजतो आणि दुसरा विकत आणतो. अशी माणसं मी समोर बसलेली पाहिली आहेत. त्यांना हिणवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आणि तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असता, तर फास्ट स्टार्टअपचा परिच्छेद दिसला असता. विंडोज नेहमीसारखं 'शट डाउन' केलं की ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं. मग लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालणारी रेस्क्यू डिस्क विंडोजची ती (एनटीएफएस) ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती उघडते. व्हायरस दिसतो, पण पुसता येत नाही. म्हणून शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, असं मी ठळक अक्षरात लिहिलंय. बालवाडीत हे शिकवत नाहीत.

आता तुमचं ते वाक्य. 'सरळ फॉरमॅट मारा, अर्ध्या तासाचं काम.'

मी इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलंय, विंडोज एक्सपीच्या काळापासून. त्यामुळे हे वाक्य मला नवीन नाही. ऐन लग्नसराईत एक पत्रिका छापणारे गृहस्थ मशीन उचलून माझ्याकडे घेऊन आले होते. टास्क मॅनेजर उघडला की 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केला आहे' असा निरोप येई. सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींवर विंडोज सुरू करायची रीत) जायला गेलं की निळा पडदा. सॅलिटी नावाचा व्हायरस होता. तो रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या) सेफबूटच्या नोंदीच उडवतो, म्हणजे तुमचा सेफ मोडचा रस्ताही बंद. त्याआधी दुसऱ्या एका तंत्रज्ञाने तुमचाच सल्ला अमलात आणला होता. सी ड्राइव्ह फॉरमॅट करून, नवीन विंडोज टाकून, पैसे घेऊन तो मोकळा झाला होता. दोन दिवसांत सगळं जैसे थे.

का? सॅलिटी फक्त सी ड्राइव्हमध्ये राहत नाही. तो सापडेल त्या ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामच्या, फाइलला चिकटतो. डी ड्राइव्हमध्ये प्रिंटरच्या ड्रायव्हरचा सेटअप होता, श्रीलिपी या मराठी फाँटच्या प्रोग्रामचा सेटअप होता, अशा कितीतरी फायली होत्या. नवीन विंडोजवर प्रिंटर जोडायला त्यांनी त्या सेटअपवर डबल क्लिक केलं आणि व्हायरस पुन्हा घरात. मग डी पण फॉरमॅट मारायचा का? त्यात त्यांच्या पेजमेकरच्या फायली होत्या, सगळ्या गिऱ्हाइकांच्या जुन्या पत्रिका, संस्थांचे अहवाल, कित्येक वर्षांचं काम. बॅकअप नव्हता. असायला हवा होता, हे त्यांनाही कळत होतं. पण त्या वेळी ते सांगून माणसाचं काम परत येत नाही.

मी कॅस्परस्कीच्या रेस्क्यू डिस्कने मशीन बूट केलं. ती जेंटू लिनक्सवर चालते, त्यामुळे डिस्कवर पडलेला विंडोजचा व्हायरस तिथे जागाच होत नाही. दोन्ही ड्राइव्ह निवडून स्कॅन रात्रभर चालू ठेवला. बहुतेक ईएक्सई फायली पुसाव्या न लागता साफ होऊन निघाल्या, थोड्या पुसाव्या लागल्या. पेजमेकरची एकही फाइल गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पत्रिका छापायला घेतल्या.

आणि तो 'अर्धा तास'? विंडोज बसायला लागत असेल अर्धा तास. पुढे ड्रायव्हर, अपडेट, फाँट, टॅली आणि तिचं लायसन्स, प्रिंटर, ऑफिस, पासवर्ड. धंदा करणाऱ्या माणसाचे दोन दिवस जातात. हे सगळं ज्याला दुसऱ्यासाठी कधी करावं लागलं नाही, तोच अर्धा तास म्हणतो. रागावू नका, पण तुमची भाषा तशीच होती.

विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसच्या ऑफलाइन स्कॅनला मी वाईट म्हटलेलं नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये तो आहे, चांगला आहे, विंडोज सुरू न करता बाहेरच चालतो आणि साधारण पंधरा मिनिटांत आटोपतो. पण त्याचं बटण विंडोज सिक्युरिटीच्या खिडकीत आहे. व्हायरसने ती खिडकीच उघडू दिली नाही तर? पेनड्राइव्हवरून बूट करायचा मुद्दा तेवढाच आहे: आजारी विंडोजला काही विचारायचंच नाही. २०१० च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टच्या एमएस१०-०१५ या अपडेटनंतर जगभर कॉम्प्युटर निळा पडदा दाखवायला लागले, तेव्हा कारण निघालं अ‍ॅल्युरॉन नावाचा रूटकिट, म्हणजे विंडोजच्या आत लपून बसणारा व्हायरस. त्या मशीनांवर तो आधीपासून होता आणि विंडोजच्या आतून तो कोणाला दिसला नव्हता.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. ज्यांच्याकडे तो चालू आहे त्यांनी बायोसला हात लावण्याआधी, म्हणजे सिक्युअर बूट (अनोळखी डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होऊ न देणारी सोय) बंद करण्याआधी, ४८ अंकी रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा आकडा) हाताशी ठेवावी. एक ओळ आहे, लेखात घालतो. तेवढ्यावरून लेख जुनाट ठरत नाही.

तुमच्याकडे याहून सोपी रीत असेल तर जरूर लिहा. डी ड्राइव्हमध्ये सॅलिटी आहे, बॅकअप नाही आणि गिऱ्हाईक उद्या सकाळी पत्रिका मागतंय, असं धरून पायरी-पायरीने लिहा. मी ती एकही शब्द न बदलता, स्वतंत्र लेख म्हणून इथे लावीन. नाव मात्र खरं टाका.