फॉरवर्डमधला 'फोटो' आणि किल्लारीची रात्र

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय. म्हणणं असं की मोठ्या धक्क्याची आठवण मेंदूत फोटोसारखी छापली जाते, त्यामुळे जो तपशील चुकवतो तो थापा मारतोय, आणि वर टेन्शनने मेंदूच्या पेशी जळतात, एकदा जळाल्या की विषय संपला. काकांनी खाली हात जोडलेत, म्हणून लिहितोय.

फोटोचं आधी. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर हे अमेरिकन अंतराळयान फुटलं, दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने मुलांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्याच 44 जणांना तेच प्रश्न विचारले तर चौथा हिस्सा मुलांचं एकही मुख्य उत्तर जुळेना, आणि सांगत मात्र होती छातीठोक! माझंच घ्या, 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप, आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमारास सगळं हललं आणि आजोबा कंदील धरून अंगणात उभे होते हे मला आजही लख्ख दिसतं, कंदिलाची काच तडकलेलीसुद्धा. आत्या म्हणते आजोबा त्या रात्री सोलापुरात होते. काच कुठून आली देव जाणे.

आता थापांचं. कोणी म्हणेल, बातमी ऐकणं वेगळं आणि स्वतःवर बेतणं वेगळं. बरं, तेही तपासलंय. अमेरिकन लष्कराच्या ट्रेनिंगमध्ये 500 च्या वर सैनिकांना युद्धकैद्यासारखं ठेवून अर्ध्या तासाहून जास्त उलटतपासणी केली, समोरासमोर, भरपूर उजेडात, आणि दिवसभराने त्यांच्यापुढे काही माणसं उभी करून विचारलं की यातला तो कोण, तर अंगावर येऊन दरडावणाऱ्याला फक्त 30 टक्क्यांनी बरोबर ओळखलं, शांतपणे प्रश्न विचारणाऱ्याला मात्र 62 टक्क्यांनी. हे धडधाकट सैनिक! भीतीत लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, चाकू आठवतो, चाकूवाल्याचा शर्ट नाही. मग एखादी बाई पोलिसांपुढे वार किंवा वेळ चुकली तर ती खोटारडी कशी ठरते?

पेशी जळण्याचं थोडक्यात. महिनोन्महिने ताण राहिला तर कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूतल्या आठवणी सांभाळणाऱ्या भागाला, त्रास होतो, विसरायला होतं, हे खरंच आहे, नाही कोण म्हणतंय. पण उंदरांमध्ये ताणाने तिथल्या पेशींच्या फांद्या आखडलेल्या दिसल्या आणि ताण थांबल्यावर काही आठवड्यांत परत वाढलेल्याही दिसल्या. कुशिंग नावाच्या आजारात कॉर्टिसॉल प्रचंड वाढतं, उपचारांनी ते उतरल्यावर हिप्पोकॅम्पसचा आकार थोडा भरून आलेला माणसांतही मोजलाय. जळालेलं भरून येतं का कुठे?

आणि व्हिएतनाम युद्धात लढलेल्या अमेरिकन सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान असतो म्हणून जे दाखले देतात, त्यांनी 2002 चा जुळ्या भावांचा अभ्यास बघावा. युद्धाच्या धक्क्यातून न सावरलेल्यांचा तो लहान होताच, पण घरी राहिलेल्या, एकही गोळी न ऐकलेल्या त्यांच्या जुळ्या भावांचाही लहानच निघाला. त्या भावाचं काय जळालं होतं, ते काकांनी सांगावं.