मिलच्या जागेवर फ्लॅट नकोत, शेड हवेत

सुधीरराव, इंदूरच्या बंद कापड मिलच्या जागांवर छोटे कारखाने उभारावेत असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, ती माती विषारी, ‘ग्रीन’ बांधकाम म्हणजे बिल्डरची धूळफेक, आणि जवळच्या पिथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोकळी जमीन पडली असताना हा नसता उद्योग सांगितलाय कुणी?

माती खराब असणारच. रंगखात्याखाली क्रोमियम, बॉयलरमागे कोळशाची राख, ट्रान्सफॉर्मरखाली झिरपलेलं तेल, वर ॲस्बेस्टॉसचे पत्रे. पण म्हणूनच तर तिथे फ्लॅट नकोत! फ्लॅट आले की पोरं मातीत खेळणार, कुणी दारात मेथी टाकणार, कुणी बोअर मारणार. त्या वापरासाठी माती साफ करायची तर दिवाळं निघेल. कारखान्याच्या शेडखाली काँक्रीटचा कोबा पडतो, माणसाचा मातीशी संबंध जवळजवळ तुटतो. जमिनीत सॉल्व्हंट मुरलं असेल तर वाफ वर येते, तिथे कोब्याखाली वाफ अडवणारा पडदा घालावाच लागतो. इंदूरची हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, कामगारांची देणी मिळाली 2023 च्या डिसेंबरात. त्या साडेबेचाळीस एकरांवर काहीही करा, पण आधी माती तपासा, मग नकाशे काढा.

रेन वॉटर हार्वेस्टिंगबद्दल चकार शब्द नाही, हा तुमचा टोमणा. मुद्दामच नाही लिहिलं. अशा जमिनीत शोषखड्डा खणला तर पावसाचं पाणी वरचं विष धुऊन थेट भूजलात नेतं. इथे पाणी टाकीत साठवायचं आणि वापरायचं, मुरवायचं नाही. सरकारी फॉर्मवर मात्र शोषखड्ड्याचे मार्क मिळतात, ही आपल्याकडची गंमत!

पाडकामाचा राडारोडाही बाहेर फेकायची गरज नाही. खडी-वाळूसाठीच्या भारतीय मानक 383 च्या 2016 च्या आवृत्तीनुसार जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के आणि सळईच्या काँक्रीटमध्ये, एम-25 या प्रतीपर्यंत, 20 टक्के चालते. विटांचा चुरा रस्त्याच्या भरावाला. ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र ओले करून, अख्खेच्या अख्खे उतरवायचे. हातोडा अजिबात नको.

आता पिथमपूर. तिथली ‘मोकळी’ जमीन म्हणजे सोयाबीन-गव्हाची काळी माती, आणि नव्या प्लॉटला रस्ता, वीज, पाणी सगळं नव्याने न्यावं लागतं. शिवाय घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली की काय होतं, ते 2025 मध्ये पिथमपूरच्या लोकांनी पाहिलं. युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा भोपाळहून तिथेच आणून जाळला ना? म्हणून मिलची माती खणून ट्रकने बाहेर धाडण्याच्याही मी विरोधात आहे. जिथल्या तिथे बंदिस्त करता येते, तिथे करावी. इंदूरच्या देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे कचरा डेपोवर, 2022 पासून रोज 550 टन ओल्या कचऱ्यावर चालेल एवढा बायो-सीएनजी प्लांट आहेच की. नाक मुरडायच्या जागेवर कारखाना उभा राहू शकतो, हे इंदूरला नवं नाही.

बिल्डरबद्दलचा तुमचा संशय मात्र सोडू नका. ‘ग्रीन’ पाटी दिसली की मातीचा रिपोर्ट मागा. दाखवला नाही तर त्या भांडणात मी तुमच्या बाजूने.