मेलेल्या हिरोला परत आणणं बंद करा

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

आज भाचा सुपरहिरोची एक मालिका बघत होता. हिरो मेला. मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून, व्यवस्थित निरोप घेऊन मेला. मला गलबलून आलं, तर हा मुलगा शांतपणे म्हणतो, "मावशी, रडतेस काय? पुढच्या सीझनला येतो तो."

त्याचं काय चुकलं? त्याला हेच दाखवलंय. सुपरमॅनला १९९२ मध्ये डूम्सडे नावाच्या राक्षसाच्या हातून मारलं, जगभर बातम्या झाल्या, लोकांनी रांगा लावून कॉमिकचे अंक घेतले आणि १९९३ मध्ये स्वारी परत हजर. बॅरी अ‍ॅलन, म्हणजे फ्लॅश, १९८५ मध्ये गेला, २००८ मध्ये आला. वुल्व्हरिन २०१४ मध्ये गेला, २०१८ मध्ये आला. जेसन टॉड या रॉबिनला, म्हणजे बॅटमनच्या साथीदाराला तर १९८८ मध्ये वाचकांनी फोनवर मतं देऊन मारलं. तोही आला! आमच्या डोळ्यांतलं पाणी विकून खाताय तुम्ही.

ज्याला काहीच होत नाही अशा हिरोशी माझं भांडण नाही. १९३८ चा पहिला सुपरमॅन आला तेव्हाच सांगून टाकलं होतं की फुटणाऱ्या तोफगोळ्यापेक्षा कमी कशानेही याची कातडी फाटणार नाही. चोख व्यवहार. तो मरेल का ही धाकधूक नाहीच, तो वेळेवर पोचेल का, ही आहे. आणि अभेद्य अंगाचंही दुखणं असतं की. २०१५ च्या 'जेसिका जोन्स'मध्ये ल्यूक केज बेशुद्ध पडतो आणि हॉस्पिटलात त्याच्या कातडीत सुईच शिरत नाही. गोळी लागत नाही त्याला औषधही लागत नाही! हे बघताना मला दादाचा हात आठवला. केमोच्या दिवसांत त्याची शीर सापडायची नाही. नर्स मनगटावर टिचक्या मारत बसायची आणि हा दुसऱ्या हाताने कॉमिकचं पान उलटायचा.

त्याच दिवसांत त्याने 'द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल' वाचलं. जिम स्टार्लिनचं, १९८२ चं. आत्ताची कॅरल डॅनव्हर्स नव्हे, आधीचा मार-व्हेल. जुन्या एका लढाईतल्या विषारी वायूने त्याला कॅन्सर होतो. ज्या मनगटी पट्ट्यांमुळे त्याला शक्ती, तेच पट्टे आजार रोखून धरतात आणि तेच उपचार लागू पडू देत नाहीत. सगळ्या विश्वातले हुशार लोक कामाला लागतात, हात टेकतात. मग एकेक जण येऊन त्याच्या पलंगाशी उभा राहतो. जन्माचे वैरी स्क्रल, परग्रहावरचे, ते पदक घेऊन येतात. स्पायडर-मॅनला ते बघवत नाही, तो खोलीतून निघून जातो.

आमच्याकडे भेटायला येणारे सगळे दादाला म्हणायचे, "तू फायटर आहेस, तुला काही होणार नाही." एक काकू नुसत्या पाच मिनिटं बसल्या आणि डोळे पुसत बाहेर गेल्या. मी चिडले होते. दादा म्हणाला, "अगं, स्पायडर-मॅनला जमलं नाही, त्यांना कसं जमेल?" आणि ते पान माझ्यापुढे धरलं.

त्या पानाने त्याला जे दिलं ते 'येतो परत पुढच्या सीझनला'वाल्यांना सात जन्मांत देता येणार नाही. मार-व्हेललाही परत आणायचे डाव नंतर झालेच, पण टिकले नाहीत. बरं झालं.

हो, लहान मुलांना कधीच न मरणारा हिरो हवा असतो, मान्य. लेखक बदलतात, कंपनीला पात्र चालवायचं असतं, तेही मान्य. मग मारू नका ना! जखमी करा, म्हातारा करा, शक्ती काढून घ्या, हरवा. गोष्टी काय कमी आहेत? पण अंत्ययात्रा काढायची, आईबापांना शवपेटीशी रडवायचं आणि मग 'तो तो नव्हताच' म्हणायचं, हे मला सहन होत नाही. दादा गेल्यापासून तर मुळीच होत नाही.

भाच्यावर मी जरा जोरातच ओरडले. "तो मेलाय," म्हटलं, "मेलाय तो." तो गप्प झाला. मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, कोणी खरंच मेलेला हिरो आहे का. मार-व्हेलचं सांगितलं. पुस्तक मागतोय. त्याच्या आईचं म्हणणं, एवढ्यात नको, लहान आहे. मला वाटतं द्यावं, शेजारी बसून वाचावं. ज्यांच्या घरी या वयाची मुलं आहेत त्यांनी खाली लिहा, तुम्ही दिलं असतंत का?