दाराचा जुना रंग कोरडा खरवडू नका

दिवाळीच्या तोंडावर एक मेसेज फिरतोय: ‘शिशाची भीती आता राहिली नाही, २००० सालीच शिसं बंद झालं. तरी शंका असेल तर दारा-खिडक्यांचा जुना रंग खरवडून काढा, मुलांना हळद-दूध द्या. मूल खातं-खेळतं असेल तर तपासणी नको.’ सोलापुरातल्या माझ्याच नात्यातल्या तिघांनी तो मला पाठवला. काळजीपोटीच पाठवला, पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मुलांच्या जिवाशी खेळणारं आहे.

२००० साली बंद झालं ते पेट्रोलमधलं शिसं. घरच्या रंगात ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको, हा नियम लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ ला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल नि हिरव्या रंगांत, याच्या कितीतरी पट शिसं असू शकतं. आपल्या गिरणी चाळींच्या आणि पेठांतल्या वाड्यांच्या दारांवर तर असे थरावर थर चढलेत. शिसं हा धातू आहे. वर्षं गेली म्हणून तो उडून जात नाही.

आता खरवडण्याचं. भिंतीला घट्ट बसलेला रंग तितका त्रास देत नाही. कोरडा पॉलिश पेपर मारला की त्याची पिठासारखी धूळ होते आणि फरशीवर, अंथरुणावर, खेळण्यांवर बसते. रांगतं बाळ तिथेच हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. तेवढंच शिसं पोटात गेलं तर लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. म्हणून रंग शाबूत असेल तर ओल्या फडक्यानं पुसून त्यावरच नवा हात मारा. पापुद्रे सुटले असतील तर पाणी फवारून, खाली प्लास्टिक अंथरून काढा. जाळून तर मुळीच काढू नका. काम संपून सगळं पुसून होईपर्यंत मुलं आणि गरोदर बाई दुसऱ्या घरी राहू देत. नंतर झाडू नको, ओलं फडकं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे सांगणं सोपं नाही, मला कळतं. पण एका खोलीला दोन बादल्या पुरतात. रंगारी दादांनीही कामाचे कपडे बदलल्याशिवाय आपल्या लेकरांना उचलू नये.

हळद-दुधानं रक्तातलं शिसं निघत नाही. उलट हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळण्याचे प्रकार झालेत. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. सरकारनं छापे घातले, दंड केले, आणि २०२१ पर्यंत ते शून्यावर आलं. लोह आणि कॅल्शियम पोटात पुरेसं गेलं तर शिसं कमी शोषलं जातं, एवढं खरं. पालेभाजी, नाचणी, तीळ द्याच, पण तो उपचार नव्हे. डोळ्यांत सुरमा घालणं मात्र थांबवा, काही सुरम्यांत शिशाचंच खनिज असतं. (शिसपेन्सिलीला घाबरू नका, तिच्या आत ग्राफाइट असतं.)

आणि ‘खातं-खेळतं मूल’? बहुतेक मुलांत काहीच लक्षण दिसत नाही, तरी मेंदूची वाढ खुंटते. शिशाचं सुरक्षित प्रमाण नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात रक्तात डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं असलेल्या भारतातल्या मुलांचा अंदाज सुमारे २७.५ कोटी होता. कळतं ते फक्त रक्ततपासणीनं. घर जुनं असेल किंवा घरात कुणी रंगाचं, बॅटरीचं काम करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना ‘ब्लड लेड’ तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर आधी शिसं घरात कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, औषध लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील.