शहराची घड्याळबाई

पहाटे चार वाजता माणसाला आनंद होऊ शकत नाही. हे शरीरशास्त्र आहे. सहा वाजता मला तो झालेलाच असला पाहिजे, हा माझ्या नोकरीचा करार आहे. मी पुण्यात एका खासगी एफएमवर सकाळचा शो करते, सहा ते दहा. ऐकणाऱ्यांना वाटतं, ही बाई उठतानाच हसत उठत असणार. उठताना मी कशी असते ते फक्त माझा नवरा सांगू शकला असता, पण तो तेव्हा झोपलेला असतो. म्हणून संसार टिकलाय.

गल्लीतली कुत्री मला ओळखतात, पण रोज नव्याने. त्यांच्यातून स्कूटर काढून मोठ्या रस्त्याला लागलं की एखाद्या दिवशी नाकाबंदी असते. "मॅडम, एवढ्या पहाटे कुठं?" रेडिओवर बोलायला चाललेय, हे उत्तर खरं असूनही थापच वाटते. एकदा नळ स्टॉपला एका हवालदारांनी फर्मावलं, "आवाज काढून दाखवा." मग मी हेल्मेट काढून, भर थंडीत, दिव्याच्या खांबाखाली उभी राहून "शुभ सकाळ, पुणेकर!" म्हटलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, बॅरिकेड बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "रेडिओवर बरा वाटतो."

हा आवाज म्हणजे आमचं भांडवल, आणि ते वाढवायला सगळं शहर टपलेलं असतं. कुणी ज्येष्ठमध पाठवतं, कुणी खडीसाखर. एका श्रोत्यांनी लवंग भाजून मधात कशी घ्यायची याचं पत्र पाठवलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. दही नको, लोणचं नको, फ्रिजमधलं पाणी नको. आईचं तर काम सोपं झालंय. मी लग्न होऊन दुसऱ्या घरी आले तरी माझ्या खाण्यापिण्यावर तिचं लक्ष आहे, कारण तिच्याकडे रेडिओ आहे. पहिलं गाणं लागलं की फोन येतो, "काल आइस्क्रीम खाल्लंस ना?"

स्टुडिओला खिडकी नसते. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंती, दार, छत सगळं गाद्यागिरद्यांनी मढवलेलं. एसी यंत्रांच्या सोयीनं लावलेला, त्यामुळे मे महिन्यात मी शाल पांघरून उन्हाळ्यावर बोलते. आणि "काय मस्त पाऊस पडतोय ना!" हे वाक्य मी पाऊस न बघता म्हणते. त्याआधी खाली वॉचमनकाकांना फोन करावा लागतो. ते बाहेर जाऊन हात पुढे करतात आणि येऊन सांगतात, "भुरभुर आहे." वेधशाळेचा अंदाज आम्ही वाचतो, पण भरवसा काकांच्या तळहातावर.

माझी सुरुवात आकाशवाणीत झाली, हंगामी उद्घोषक म्हणून. महिन्याला फार तर सहा ड्युट्या मिळायच्या, म्हणजे पहाटे उठण्याचं दुःखही हप्त्याहप्त्यानं व्हायचं. पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, सुरू व्हायच्या आधी क्यू शीट (काय कधी लावायचं त्याचा कागद) समोर, लाल दिवा डोक्यावर आणि नजर भिंतीवरच्या सेकंदकाट्यावर. मग ती संकेतधून. ती बांधली वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने. हे गृहस्थ ज्यू, प्रागहून १९३४ मध्ये मुंबईला आले आणि पुढे ऑल इंडिया रेडिओत नोकरीला लागले. धून शिवरंजनीवर बेतलेली मानतात, आणि शिवरंजनी पडला रात्रीचा राग. तो पहाटे कशाला, असं जाणकार विचारतात. पहाटेची ड्युटी केलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. तेव्हा रात्रच असते.

तिथे वेळ सांगणं हा धर्म होता. "सहा वाजून पंचावन्न मिनिटं झाली आहेत" हे वाक्य सहा वाजून पंचावन्न मिनिटांनीच म्हणायचं, नाहीतर ड्युटी ऑफिसर काचेपलीकडून असं बघायचे की सेकंदकाटाही दचकावा. मग मी एफएमला आले. इथे बोलण्याच्या तुकड्याला लिंक म्हणतात, ती मिनिटभरात संपवायची, आणि त्या मिनिटभरात शहराचा मूड बनवायचा. आमच्या मीटिंगा या मूडवरच चालतात. मीही मन लावून मूड बनवत होते. भेंड्या, कोडी, सासूबाईंचे किस्से (सासूबाई गावाला असताना), सगळं करून झालं.

मग नवा प्रोग्रॅमिंग हेड आला. मुलगा हुशार, वयाने माझ्या भाच्याएवढा. म्हणाला, "मॅम, वेळ कशाला सांगता सारखी? सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असते. त्या जागी कॉन्टेंट द्या." मला पटलं. सोमवारी मी वेळ सांगणं बंद केलं आणि नुसतं कॉन्टेंट दिलं.

साडेआठपर्यंत स्टुडिओचं व्हॉट्सॲप ओसंडून वाहायला लागलं. "ताई, वेळ सांगितली नाहीत, पोराची व्हॅन गेली." "मॅडम, मी दुसऱ्या टायमाला कुकर बंद करते, आज भाताची पेज झाली." एका काकांनी कळवलं की ते पहिल्या लिंकला ब्रश, सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीला दाढी आणि साडेसातला आंघोळ असे चालतात, आज ते तोंडाला फेस लावून उभेच राहिले. प्रोग्रॅमिंग हेडने एका बाईंना अतिशय नम्रपणे लिहिलं की मोबाईलवरही वेळ दिसते. त्यांचं उत्तर आलं, "दिसते. हात कणकेत आहेत."

मंगळवारी वेळ परत आली. 'टाइम चेक' ही आता आमची खासियत आहे, तिला प्रायोजकसुद्धा मिळालाय. माझ्या विनोदांना अजून मिळायचाय. पुढे एकदा माझा घसा पार बसला, तर त्या आठवड्यात नुसती गाणी आणि रेकॉर्ड केलेली वेळ लावली. शुक्रवारी एक मेसेज आला: "शो सुधारलाय."

बरं, वेळेपलीकडचं काही सांगावं, तर बातम्या सांगायच्या नाहीत. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला सरकारची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र लावता येतं, पण जसंच्या तसं, काना-मात्रेला हात न लावता. वाहतूक, हवामान, पाणी, वीज, परीक्षांचे निकाल एवढं मात्र चालतं. त्यामुळे २३ नोव्हेंबर २०१९ चा शनिवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. आठच्या सुमाराला राजभवनावर फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला आणि सगळा महाराष्ट्र चहाचा कप हातात धरून तसाच थांबला. फोनवर फोन. "ताई, खरंय का हो? दोघंही?" आणि मी मधाळ आवाजात सांगतेय की आज आकाश निरभ्र आहे, स्वेटर विसरू नका. लोक त्याला अजून पहाटेचा शपथविधी म्हणतात. आठ वाजता! तोवर माझा निम्मा दिवस सरलेला असतो आणि दुसरी कॉफी गार झालेली असते. राज्यपालांच्या घरचीही वेळ लोकांनी जरा मला विचारून ठरवावी.

परवानगी असलेल्या गोष्टींत सुख आहे असंही नाही. बुधवारी मी गुरुवारच्या पाणी बंदची यादी वाचते. पेठा, कोथरूड, वारजे अशी जंत्री. त्यात आपल्या भागाचं नाव आलं की लोक माझ्यावर रागावतात, जणू मीच व्हॉल्व्ह फिरवायला जाते. वाहतुकीचं तर बोलूच नये. आमच्याकडे ना हेलिकॉप्टर, ना दुर्बीण. कोंडीत अडकलेला श्रोता फोन करतो, नकाशावरची रेघ लाल झालेली असते, दोन्ही जुळलं की मी सांगते, "विद्यापीठ चौक टाळा, पाषाणमार्गे जा." दहाव्या मिनिटाला फोन येतो, "तुम्ही पाषाण सांगितलंत, आता सगळे इकडेच आलेत. पुढच्या वेळी मला एकट्याला सांगा."

अकराला मी घरी येते तेव्हा जिन्यात शेजारच्या काकू भेटतात. "आलीस? मजा आहे बाई तुझी, दुपार मोकळी!" काकूंना माझा शो फार आवडतो, पण ती बाई आणि मी एकच, हा धागा त्यांना नीटसा जुळवता येत नाही. दुपारी मी झोपले की कुरिअरवाले, गॅसवाले आणि निवडणूक असली तर उमेदवार, सगळे एकाच तासात येतात. रात्री नऊला माझी मान गळते. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये मी उभ्याउभ्या झोपलेली आहे. फोटोत डोळे मिटलेले आहेत आणि ओठ सवयीने हसताहेत. नवऱ्याने तो फोटो फ्रेम करून घेतलाय.

प्रसिद्धीचं म्हणाल तर आहे. गेल्या महिन्यात सारसबागेत एक आजोबा आवाजावरून वळले. मी शेंगावाल्याशी भावावरून हुज्जत घालत होते. आजोबा छत्री टेकवून समोर आले, "तुम्ही त्याच ना? आकाशवाणीपासून ऐकतोय मी तुम्हाला." माझा ऊर भरून आला. शेंगावाल्याने तेवढ्यात जुना भाव कायम केला.

"पण एक तक्रार आहे," आजोबा म्हणाले. "हल्ली तुम्ही वेळ उशिरा सांगता. आमच्या भिंतीवरचं घड्याळ मी मिळवून ठेवलेलं आहे, तेव्हा ते चुकत नाही. तुम्ही पाऊण मिनिट मागे असता. आकाशवाणीत असताना तुम्ही अशा नव्हतात."

मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, मुलीने अमेरिकेहून येताना स्मार्ट स्पीकर आणून दिलाय, जुना ट्रान्झिस्टर माळ्यावर गेलाय. मी समजावून सांगायला लागले. आजोबा, ॲंटेनावरचा आवाज थेट येतो, इंटरनेटवरचा आधी सर्व्हरवर जातो, तिथे थोडा साठतो, मग तुमच्या घरी पोचतो, म्हणून तो मागे पडतो. मी वेळेवरच बोलते, तुमच्याकडे उशिरा येतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधे एकदा मानही डोलावली.

"ते तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "उद्यापासून पाऊण मिनिट आधी सांगत जा."